दोन्हीकडे वीतभर बाहेर

तांडेल खिशात ओळंबा घेऊन फिरायचा. दुसरी माणसं तंबाखूची डबी ठेवतात, पानाची चंची ठेवतात. हा सदऱ्याच्या खिशात गवंड्याचा पितळी ओळंबा ठेवायचा, दोरी त्याच्याभोवती गुंडाळलेली. त्या वजनानं सदरा कायम एका बाजूला ओढलेला. सड्यावर, म्हणजे आमच्या कातळाच्या माळावर, चालता चालता कुणाचं कंपाऊंड दिसलं की हा थांबणार, दोरी सोडणार, एक डोळा मिटून बघणार, आणि मालक घरात असो नसो, मोठ्यानं सांगणार, "दोन बोटं कलंडलाय. पाचव्या पावसाला आडवा."

एकदा एका डॉक्टरच्या बंगल्यात बारशाचं जेवण चाललं होतं. हा फाटकातून सांगतोय, "पोरगा चालायला लागला का ह्या भिंतीपास्नं लांब ठेवा. पाचव्या पावसाला आडवी." माणसं खरकटे हात घेऊन बाहेर आली. चांगली बोलणी खाल्ली त्यानं. ती भिंत तिसऱ्याच पावसाला पडली. तर हा त्या डॉक्टरकडे परत गेला. कशाला? तर आपला अंदाज दोन पावसांनी चुकला म्हणून माफी मागायला.

असला माणूस. मी त्याला तोंडावर 'तुम्ही' म्हणायचो. आता 'तो' म्हणतो, कारण तो गेला, आणि रागवायला आता कोणी नाही.

जातीचा तो खाणवाला नव्हता. राहायचा मिरकरवाड्यात, बंदराच्या मागच्या आळीत. जन्म गेला परदेशी बोटींवर, इंजिनखोलीत. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. हा कुठल्याच होडीचा तांडेल नव्हता. आमच्या खाणीवर चिरे कापायचं मशीन आलं आणि आठवड्यात बिघडलं, तेव्हा मालकानं त्याला दुरुस्तीला वर आणला. मशीन चालू झालं. हा खाली गेलाच नाही. मुकादम झाला. बोटीवरचा म्हणून बायकांनी त्याला तांडेल म्हटलं, तेच चिकटलं.

आणि बोटीवरचा माणूस मासा खात नव्हता. मिरकरवाड्यात राहून डब्यात दुधीची भाजी आणायचा. माझी बायको त्याला म्हणायची, "मामू, तुमच्या दारात लिलाव चालतो नि तुमी दुधी खाता. घरातल्यांनी काय पाप केलानी?" त्यावर तो म्हणायचा, "तीस वर्सं मासे माझी वाट बघत व्हते, बाय. मी त्यांना गावलो नाय. आता आमचा फिटला. मी त्यांना खात नाय, ते मला खात नाय."

आमचा सडा रत्नागिरीच्या वर आहे. एका कडेला उभं राहिलं की खाली मांडवीची जेटी, भाट्याचा पूल, सगळं दिसतं. लोक तेवढ्यासाठी वर येतात. तांडेल भाकरी खायला बसला की समुद्राकडे पाठ करून बसायचा. नेहमी. बायकोनं एकदा विचारलं, "मामू, एवढा चांगला दिसतो नि तुमी बघत का नाय?"

"दिवसातनं पाच वेळा तोंड तिकडंच असता माझा," तो म्हणाला. "नमाज तिकडं तोंड करून. बाकीचा वेळ माझा हाय."

आता खाण कशी होती ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

जांभा दगड जमिनीत असतो तेव्हा मऊ असतो. टिकावानं कापता येतो. वर काढला, ऊनवारा लागला की घट्ट होतो, मग शंभर वर्षं बघायला नको. म्हणून चिरा काढला की थप्पी लावून ठेवायचा, त्यानं वारा खाल्ला पाहिजे. ओल्या चिऱ्याची भिंत बांधली तर झिजते, कोपरे गळतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी पाळत नाही, कारण घाई. तांडेल पाळायचा. गिऱ्हाईकाचा ट्रक आला, मालक म्हणाला भरा, की हा थप्पीसमोर आडवा उभा. "हा परवा काढलान. हा जायचा नाय." मालक म्हणायचा, चिरा माझा आहे. हा म्हणायचा, "चिरा तुमचा, भिंत त्याची. पोराबाळांवर पडंल त्या दिवशी कुणाची?" मालकानं त्याला तीनदा कामावरून काढला. तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी हा वेळेवर हजर, कालचं काही झालंच नाही असा. मशीन त्याच्याशिवाय कोणाचं ऐकत नव्हतं, मालक काय करणार.

मी तिथं चिरे काढायचो, तासायचो. चौथी झाल्यावर बापानं हातात टिकाव दिला तो तसाच राहिला. मी डावखुरा. बायको त्याच खाणीवर चिरे वाहायला होती. तिथंच बघितली, तिथंच ठरवली. पहिल्यांदा तिच्या डोक्यावर चिरा चढवताना मी म्हटलं, जड आहे. ती म्हणाली, "मग हळू बोला, त्याला आयकू जाईल." झालं. मी गेलो कामातून.

तेव्हा गाडी खाणीपर्यंत येत नव्हती, मधे व्हाळ, म्हणजे ओढा होता. ट्रक व्हाळाच्या पलीकडे रस्त्याला उभा राहायचा. खाण ते ट्रक, सड्यावरून अर्ध्या तासाची वाट, कातळच कातळ. पंधरा-वीस बाया, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर चिरा, एकीच्या मागे एक. अनवाणी. वर्षानुवर्षं त्याच जागी पाऊल. कातळात घळ पडली, चार बोटं खोल आणि एक पाऊल रुंद, गुळगुळीत. माझ्या पायाला ती अरुंद. पुरुषाचा पाय त्यात सरळ बसत नाही, कडेला लागतो. ती बायकांच्या पायानं पडलेली आहे. वाट ट्रकच्या जागेला संपत नव्हती, तशीच पुढे उतरून माझ्या बायकोच्या माहेरच्या गावात जायची. म्हणून ती म्हणायची, "मी रोज निम्मा म्हायेर गाठते नि परत फिरते. अशी बाय बघितलाव कुठं?"

ही घळ तांडेलनं बघितली आणि त्याचं डोकं फिरलं. मला हे त्यानंच सांगितलं, एका दुपारी, भाकरी खाताना. म्हणाला, "तीस वर्सं मी चाललो रे. ह्या टोकापास्नं त्या टोकापतूर. बोट पुढं गेली का मागं पाणी मिटतो. एक पाऊल दिसत नाय. कुणी म्हटला, तू गेला नाय कधी, तर दाखवायला कायच नाय. नि ह्या बाया बघ. चिरं वाहून वाहून कातळावर लिहून ठेवलानी."

खाण बंद झाली ती कोणी बंद केली म्हणून नाही. चिरा संपला. खाली पांढरी शेडी माती लागली, ती कशाला लागत नाही. माणसं पांगली, कोणी मुंबईला, कोणी बागांत. खड्ड्यात पाणी भरलं, म्हशी डुंबायला लागल्या. मी गवंडीकामाला लागलो. सगळ्यांनी खाणीचं नाव टाकलं.

तांडेलनं टाकलं नाही. गुरुवारी खाणीला सुट्टी असायची. काम बंद पडल्यावर हा दर गुरुवारी सिटी बसनं वर यायचा आणि ती वाट चालायचा. खाणीच्या काठापासून व्हाळापर्यंत आणि पुढे बायकोच्या माहेरापर्यंत. जाऊन, घोटभर चहा पिऊन, परत. म्हातारा माणूस, एका गुडघ्याला पट्टा. लोक म्हणायचे, सुट्टीच्या दिवशी खाणीवर कोण जातं? तो म्हणायचा, "कामाच्या दिवशी सवड नव्हती." पुढे बायकोही जायला लागली. मी कधी जायचो, कधी नाही. तो म्हणायचा, वाट चालली नाही तर मरते, आणि मेलेली वाट कागदावर उठत नाही. वहिवाट म्हणजे काय, तर वाहायची. कुणीतरी चाललं पाहिजे.

एका गुरुवारी मुंबईची ट्रेकवाली माणसं आली. आमच्या सड्यावर जुन्या काळची कातळशिल्पं आहेत, ती बघायला. पायात बूट, दोन्ही हातांत काठ्या, पाठीवरच्या पिशवीतून नळी तोंडात. बायको म्हणाली, "सलाईन लावून फिरतात का हो?"

त्यातल्या एका मुलीनं तांडेलला विचारलं, "काका, इथे कातळशिल्पं कुठे आहेत?"

"किती जुनी पायजेत?"

"म्हणजे?"

"या."

आणि त्यांना घेऊन आला तो थेट आमच्या खाणीवर. पाण्याच्या वर खाणीची भिंत उघडी आहे, उभीच्या उभी, तीन पुरुष उंच. मशीन यायच्या आधीचं ते काम, तिच्यावर टिकावाचे घाव दिसतात. तांडेल काठी घेऊन दाखवायला लागला. ह्या सरळ रेघा अमक्याच्या, तो दमेकरी होता, बघा, दर दहा घावांनी थांबलाय. ह्या खोल आहेत त्या बापलेकांच्या. आणि ह्या इथून तिथपर्यंत सगळ्या उलट्या तिरक्या, हा डावखुरा माणूस.

मुलगी फोटो काढत होती. "हे कुठल्या काळातलं असेल?"

"तो काय तिथं बसलाय तंबाखू मळत," तांडेल म्हणाला. "त्यालाच इचारा काळ."

सगळी हसली. मीही हसलो. तो हसला नाही. म्हणाला, "हसता काय? रत्नागिरीतली निम्मी घरं ह्या असल्या खड्ड्यांतनं उठून गेलीत. घराचे फोटो काढता, घर जितनं निघाला त्या खड्ड्याचा पण काढा."

मग त्यानं त्यांना घळ दाखवली. त्या मुलीनं बूट काढला, मोजा काढला आणि पाय घळीत ठेवला. बरोब्बर बसला. बायको बघत होती. तिनं चप्पल काढून शेजारी आपला पाय ठेवला. दोन पाय, एक गोरा मऊ, एक भेगाळ, एकाच घळीत. बायको तिला म्हणाली, "तुजा बसला गो. चिरा देऊ डोक्यावर?"

त्या दोघी किती हसल्या. मला ते आठवतं.

आता मी काय केलं ते सांगतो.

खाण आणि व्हाळ यांच्या मधला सड्याचा तुकडा बाहेरच्या एका माणसानं घेतला. फार्महाऊस करायचं होतं, आंबा लावायचा होता. खाली व्हाळ होताच, बाकी तिन्ही अंगांना कंपाऊंड. ठेकेदार मला शोधत आला. म्हणाला, कातळावर उतार आहे, सरळ भिंत उचलेल असा दुसरा माणूस नाही. मी फुगलो. खरं तेच सांगतो, पोटासाठी घेतलं असं नाही सांगत. त्या वयात मला कोणीतरी म्हटलं की तुझ्यासारखा माणूस नाही, आणि मी फुगलो.

भिंत वाटेवरून जात होती. मला दिसत होतं. आमच्याकडे रीत आहे. गडगा घालताना मधे वाट आली तर त्या जागी लांब चिरे आडवे घालायचे, एक गुडघ्याला, एक कमरेला, भिंतीच्या आरपार, दोन्हीकडे वीतभर बाहेर. पाय ठेवायला. गुरं अडतात, माणूस जातो. माझ्या बापानं घातले, आज्यानं घातले. कोणाला विचारायचं नसतं. मी ठेकेदाराला विचारलं. तिथंच चुकलो. विचारलं की समोरचा नाही म्हणणारच. तो म्हणाला, मालकाला नको आहे, लोकांचं येणंजाणं बंद करायलाच तर भिंत आहे. मी बरं म्हटलं.

गुरुवार आला. भिंत कमरेएवढी झाली होती. मी कामावर. तांडेल आणि माझी बायको घळीतून चालत आली आणि भिंतीशी थांबली. तांडेलनं काय करावं? खिशातून ओळंबा काढला, दोरी सोडली, एक डोळा मिटला. मग दोरी गुंडाळून ठेवली.

"कुणी बांधलान ही?"

त्याला ठाऊक होतं. "मी," म्हटलं.

"ओळंब्यात हाय. एक केस हललेली नाय." मग म्हणाला, "पाय कुठं ठेवायचा?"

"ठेकेदार नको म्हणाला."

बायको मला म्हणाली, "नि तुमी आयकलात."

एवढंच. तांडेलनं हात दिला, ती भिंतीवरून पलीकडे गेली, मग तो गेला, गुडघ्याचा पट्टा सावरत. मी हातात थापी घेऊन उभा.

पुढच्या गुरुवारी भिंत डोक्याच्या वर. मला वाटलं, येणार नाहीत. आली. तांडेलच्या खांद्यावर वेटोळं. बोटीवरची दोराची शिडी, लाकडी पायऱ्यांची, वरच्या टोकाला लोखंडी आकडा. बंदरावर कुठून मिळवली होती कोण जाणे. त्यानं आकडा फिरवून भिंतीवर टाकला, पहिल्याच झटक्यात बसला. ठेकेदार धावत आला. ए म्हाताऱ्या, काय चाललंय?

तांडेल म्हणाला, "बोट लागली का शिडी टाकतात. तुमचा बंदर नवा हाय, तुमाला म्हायत नसंल."

"ही खाजगी जागा आहे."

"जागा खाजगी. वाट खाजगी नाय. तुमी कागद दाखवा, मी कातळ दाखवतंय."

बायकोनं लुगडं खोचलं आणि चढली. ठेकेदार मला म्हणाला, ही बाई कोण, हिला उतरव. मी म्हटलं, माझी बायको आहे, तुम्हीच उतरवून बघा. एवढं तरी बोललो. ती वर पोचली, भिंतीवर घोड्यावर बसावं तशी बसली आणि वरून ठेकेदाराला म्हणाली, "आयुष्यभर डोक्यावर चिरं वाहिलं. आज पयल्यांदा त्यांच्यावर बसलेय. जरा बसू दे."

घरी मात्र ती माझ्याशी तीन गुरुवार बोलली नाही. भाकरी द्यायची, कालवण द्यायची, शब्द नाही. मी तांडेलकडे गेलो, मिरकरवाड्यात. म्हटलं, तुम्ही तिला सांगा. तुम्हीही रागावलात का माझ्यावर?

तो दारात जुनं पंपाचं काहीतरी उघडून बसला होता. मान वर केली नाही. म्हणाला, "तुझ्यावर कशाला? वायट बांधली असतीस तर मी कायच बोललो नसतो. चार पावसं थांबलो असतो, आपसूक पडली असती. पण मेल्या, तू चांगली बांधलीस. वारा खाल्लेला चिरा घेतलास, ओळंब्यात घेतलीस. मीच शिकवला तुला. आता ही आपल्या सगळ्यांच्या मागनं पण उभी राहाणार."

मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वर्षभर ते शिडीनं गेले. पावसात सडा शेवाळतो, तेव्हाही. वॉचमन ठेवला होता, नेपाळचा, तो पहिल्यांदा ओरडायचा, मग पलीकडून शिडी धरायला लागला. मी एकदाही त्या शिडीवर चढलो नाही. कुठल्या तोंडानं चढणार.

मग तांडेल गेला. गणपतीच्या आधी ताप आला, चार दिवसांत आटपलं. मी मातीला गेलो होतो. मूठमूठ माती टाकली. कब्रस्तान समुद्राच्या अंगाला आहे, आणि त्यांच्यात माणसाला पश्चिमेकडे तोंड करून ठेवतात. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती रडत होती, रडता रडता म्हणाली, "म्हणजे आता कायमचा समुद्राकडं तोंड. मामू रागावला असंल."

त्याचा मुलगा आठ दिवसांनी आमच्याकडे आला. शिडी आणि ओळंबा घेऊन. म्हणाला, "अब्बांनी सांगितलंय, शिडी बायला द्या. ओळंबा ह्याला." शिडी बायकोनं पडवीत खुंटीला लावली. पण तोवर तिचं दुखणं सुरू झालं होतं. दोन-तीन गुरुवार तिनं मला म्हटलं, "एकदा न्या मला पलीकडं. शिडी मी सांगते कशी टाकायची." मी म्हटलं, बरी हो, मग जाऊ. मला वाटलं, चढताना पडेल. असं नाही. मला त्या भिंतीसमोर तिच्याबरोबर उभं राहायचं नव्हतं. म्हणून बरी हो म्हटलं. ती बरी झाली नाही.

लोक सांगतात, सवय होते. मी आता चहा एकाचाच टाकतो, ह्याला सवय म्हणत असतील तर झाली.

तिचे दिवस झाले आणि मी टिकाव घेऊन खाणीवर गेलो. पाण्याच्या वरच्या अंगाला, माझ्याच उलट्या रेघांच्या शेजारी, थोडा कातळ शिल्लक होता. त्यातून लांब चिरे काढले. दोन. नेहमीच्यापेक्षा दीडपट लांब. पूर्वी मी दिवसाला जेवढे काढायचो त्याची लाज वाटेल एवढे दिवस लागले. कोपरे तासले. शेजाऱ्याच्या टेम्पोतून घरी आणले आणि परसात उभे केले. माणसांना वाटलं तिच्या नावाचं काही बांधतोय. मी म्हटलं, हो. उन्हाळा गेला, पाऊस गेला. आमची मुलगी मुंबईहून फोन करायची, बाबा, इकडे या. मी म्हणायचो, चिरे वारा खातायत. ती म्हणायची, खाऊ देत, तुमचं काय काम तिथं? मग एकदा सगळं सांगितलं. ती घाबरली. "बाबा, ते केस करतील. दुसऱ्याच्या भिंतीला हात लावू नका."

"दुसऱ्याची कशी? मी बांधलीय."

"अहो पण जागा त्यांची."

"वाट तुझ्या आईची आहे," म्हटलं आणि फोन ठेवला. मग परत लावला, ती रडत असेल म्हणून. ती रडत नव्हती. म्हणाली, "टोपी घालून जा. ऊन असतं सड्यावर."

गेल्या गुरुवारी गेलो. टेम्पोवाल्यानं चिरे भिंतीशी उतरवून दिले आणि पळाला. सकाळची वेळ, सगळ्यांना दिसेल असं ऊन. मी पहार घातली. भिंत दाद देईना. चांगली बांधली होती, मेल्यानं. दुपारपर्यंत दोन चिरे सुटले, एक गुडघ्याचा, एक कमरेचा.

वॉचमन आला. "बाबा, काय करतो?"

"राहिलेलं काम."

त्यानं नव्या चिऱ्याचं दुसरं टोक धरलं. मी म्हटलं, तुझी नोकरी जाईल. तो म्हणाला, "मी फक्त पकडतो. लावतो तू." दोघांनी मिळून आरपार घातले. गिलावा केला. ओळंबा सोडून बघितलं. मग त्यानं साहेबाला फोन लावला, तेही त्याचं कामच होतं, आणि माझ्या कानाला दिला.

"कोण बोलतंय?"

"भिंत बांधलेला माणूस."

"तुम्हाला कुणी सांगितलं तिला हात लावायला?"

"कुणी सांगायचं नसतं. तेव्हाच घालायचे होते, मी विसरलो."

"मी उद्या पाडून टाकीन ते."

"पाडा," म्हटलं. "फक्त गुरुवारी नको. गुरुवारी आम्ही असतो. पाडलेत तर मी पुढच्या गुरुवारी परत घालीन. माझ्याकडे कातळ आहे अजून."

तो काहीतरी बोलत होता. मी फोन वॉचमनला परत दिला.

गिलावा ओला होता. दोन दिवस त्याच्यावर पाय ठेवू नये, हे पोरसुद्धा सांगेल. तांडेलनं बघितलं असतं तर मला परत घरी धाडलं असतं. म्हणून परत आलो. आज दुसरा गुरुवार. पाडलेले नव्हते. पाडतील कदाचित, अजून पाडलेले नाहीत. डावा पाय गुडघ्याच्या चिऱ्यावर, उजवा कमरेच्या, वर हात, आणि पलीकडे. गुडघे वाजले, पण गेलो.

पलीकडे घळ तशीच आहे, भिंतीच्या खालून निघून पुढे व्हाळाकडे गेलेली. चपला काढून हातात घेतल्या. तिच्यात माझा पाय बसत नाही. एक पाऊल घळीत, एक बाहेर, असा वाकडा चालत माझ्या सासुरवाडीला जाऊन आलो. कडेनं पाय सोलवटलाय, हळद लावून बसलोय. पुढच्या गुरुवारी परत सोलवटेल. मी जोवर चालतोय तोवर एकतर पाय बारीक होईल, नाहीतर घळ रुंद.